दारूवरचा कर, गोव्याची बाटली आणि हातभट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सावंतवाडीत कर सल्लागार आहे. परमिट रूम, बिअर शॉपी आणि देशीच्या दुकानांचे व्हॅटचे हिशेब बघणं हे रोजचं काम, आणि गोव्याच्या सीमेजवळचा इन्सुलीचा तपासणी नाका इथून फार लांब नाही. त्यामुळे दारूवरच्या कराबद्दल काही लिहिलं की तेच तेच प्रश्न परत येतात. जून २०२५ च्या दरवाढीनंतर तर त्यांची रांगच लागली. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एक उत्तर दुसऱ्यात शिरतं तिथे क्रमांक दिलाय. 'तुम्ही स्वतः घेता का?' हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. तो यादीत नाही.

१. सगळ्यावर जीएसटी आहे, मग दारूवर का नाही?

संविधानातच तसं लिहिलंय. जीएसटीची व्याख्या करणाऱ्या कलम ३६६ (१२ए) मध्ये पिण्याचं मद्य वगळलेलं आहे. त्यावर उत्पादन शुल्क लावणं, विक्रीकर लावणं, परवाने देणं हे सगळं राज्यांच्या सूचीत राहिलं. १ जुलै २०१७ नंतर राज्यांना आपल्या मर्जीने कमी-जास्त करता येतील असे कर थोडेच उरले: पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क, दारू. म्हणून तिजोरीत खड्डा पडला की पहिला हात बाटलीकडे जातो. महाराष्ट्राला २०२३-२४ मध्ये नुसत्या उत्पादन शुल्कातून सुमारे २३ हजार कोटी रुपये मिळाले. व्हॅट त्यात धरलेला नाही.

एकच ब्रँड तीन राज्यांत तीन किमतींना मिळतो, त्याचं मूळही इथेच आहे.

२. एका बाटलीत माल किती आणि कर किती?

आधी कारखान्याच्या दारात उत्पादन शुल्क लागतं, मग विक्रीवर व्हॅट. दुकानदार आणि बारमालक वर्षाला परवाना शुल्क भरतात, ते शेवटी गिऱ्हाइकाच्याच बिलात उतरतं.

'विदेशी मद्य' म्हणजे परदेशातून आलेलं असं नाही. नाशिक-संभाजीनगरकडे बनलेली व्हिस्की किंवा रमही कागदोपत्री विदेशीच. तिचं शुल्क कंपनीने जाहीर केलेल्या उत्पादन खर्चाच्या पटीत असतं. समजण्यापुरतं गणित करू. लिटरला १०० रुपये खर्च जाहीर केला, तर तिपटीने ३०० रुपये शुल्क आणि साडेचारपटीने ४५०. म्हणजे १८० मिलीच्या चपटीत १८ रुपयांचा माल आणि ८१ रुपयांचं शुल्क. त्यावर व्हॅट आणि दुकानदाराचं कमिशन. व्हॅट मार्च २०२१ च्या अर्थसंकल्पात ३५ टक्क्यांवरून ४० टक्के झाला.

देशीचा हिशेब वेगळा, तो प्रूफ लिटरवर, म्हणजे दारूच्या तीव्रतेनुसार मोजलेल्या लिटरवर चालतो. बाटली ७५ प्रूफची, म्हणजे ४२.८ टक्के अल्कोहोलची असेल, तर १८० मिलीत ०.१३५ प्रूफ लिटर भरतं. दर १८० रुपये होता तेव्हा शुल्क २४ रुपये ३० पैसे पडायचं. आता दर २०५ आहे, म्हणजे साधारण २७ रुपये ७० पैसे. कर वाढला साडेतीन रुपयांच्या आतच, पण काउंटरवरची किंमत त्याहून बरीच जास्त वाढली. ते कसं, ते पुढच्या उत्तरात.

३. जून २०२५ मध्ये नेमकं काय झालं?

१० जूनला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. ज्या विदेशी मद्याचा जाहीर उत्पादन खर्च लिटरला २६० रुपयांपर्यंत आहे, त्याचं शुल्क तिपटीवरून साडेचारपट झालं. देशीचं शुल्क प्रूफ लिटरला १८० चं २०५ झालं. धान्यापासून बनणाऱ्या मद्याचा 'महाराष्ट्र मेड लिकर' असा एक नवा प्रकार काढला. शिवाय १८० मिलीसाठी किमान विक्री किंमत बांधून दिली: देशी ८० रुपये, महाराष्ट्र मेड १४८, विदेशी २०५, उंची विदेशी ३६०. यातून वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा सरकारचा अंदाज.

बारवाल्यांचं दुखणं आणखी एक. परमिट रूममध्ये बसून पिण्यावरचा व्हॅट २०२३ मध्ये ५ चा १० टक्के झाला होता, त्यावर परवाना शुल्कातली १५ टक्के वाढ आणि वर हे. १४ जुलै २०२५ ला हॉटेल-बारमालकांच्या 'आहार' संघटनेने बार बंद ठेवले. त्या दिवशी माझ्या एका अशिलाने फोन करून एवढंच विचारलं, "बंदच्या दिवसाचं परवाना शुल्क परत मिळतं का?" नाही मिळत.

४. कर वाढला की काळाबाजार वाढतो. इतकं सरळ आहे का हे?

नाही. कर किती आहे यापेक्षा शेजारी किती आहे हे आधी बघावं लागतं. शेजारी म्हणजे शेजारचं राज्य, शेजारची वाडी आणि शेजारचा भंगारवालासुद्धा. कारण दारूचे काळेबाजार तीन आहेत आणि तिघांची तब्येत वेगवेगळी आहे.

पहिला सीमेवरचा. यात माल खरा असतो, कारखाना खरा असतो, एका राज्याचा कर भरलेलाही असतो. फक्त बाटली चुकीच्या राज्यात असते. तो दोन राज्यांच्या करातल्या फरकावर जगतो (प्रश्न ५ ते ७).

दुसरा डुप्लिकेटचा. बाटली खरी, आतला माल खोटा. महागड्या स्कॉचच्या रिकाम्या बाटल्या, झाकणं, खोकी विकत घ्यायची आणि आत हलकी व्हिस्की भरायची. हा धंदा उंची मालाच्या किमतीवर जगतो (प्रश्न ८).

तिसरी हातभट्टी. तिला ना बाटली ना लेबल. ती गिऱ्हाइकाच्या खिशावर जगते, आणि कायदेशीर दुकान किती लांब आहे त्यावर (प्रश्न ९ आणि १०).

सरकार कर वाढवतं तेव्हा तिघांनाही एकाच काठीने हाकतं. स्कॉचवरचा कर कमी केला तर दुसरा धंदा मंदावेल, हातभट्टीवाल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. देशी महाग केली तर हातभट्टीवाला खूश, पण गोव्याच्या टेम्पोवाल्याला त्यात काही नाही, कारण तो देशी भरतच नाही.

५. गोव्यात दारू इतकी स्वस्त कशी?

गोव्याने कर कमी ठेवलाय, कारण तिथे दारू हा पर्यटनाचा भाग आहे. मद्य कंपन्यांच्या एका संघटनेने २०२३ मध्ये तुलना केली होती: जी बाटली गोव्यात १०० रुपयांना, ती महाराष्ट्रात २२६ ला आणि कर्नाटकात ५१३ ला. संघटना कंपन्यांची, तिला कर कमी झालेला हवाच आहे, तेव्हा आकडे मिठाच्या खड्यासह घ्या. पण सावंतवाडीतल्या कुठल्याही वाईन शॉपीतून निघून पत्रादेवीच्या पलीकडच्या दुकानात तीच बाटली विचारली, तर ढोबळ चित्र तेच दिसतं.

माझ्या कपाटात एकाच ब्रँडच्या दोन रिकाम्या चपट्या आहेत, लोकांना दाखवायला ठेवलेल्या. काच तीच, झाकण तेच, लेबलवरचं चित्रही तेच. एकीवर बारीक अक्षरांत 'फक्त गोवा राज्यात विक्रीसाठी' असा इंग्रजी छाप आहे, दुसरीवर महाराष्ट्राचा. तस्कराचा सगळा नफा त्या एका ओळीत आहे. नाक्यावरचा जवानही बाटली हातात घेतल्यावर आधी तीच ओळ शोधतो.

६. गोव्याहून येताना एकच बाटली आणली, तीही पक्क्या बिलाची. गुन्हा कसा काय?

या पानावरचा सगळ्यात जास्त वादाचा प्रश्न. गोव्याचं बिल म्हणजे गोव्याचा कर भरल्याची पावती. महाराष्ट्राचा कर तुम्ही भरलेला नाही, आणि परराज्यातून दारू आणायला महाराष्ट्र राज्य उत्पादन शुल्क विभागाचा आयात परवाना लागतो. तो नसेल तर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चं कलम ६५ लागतं. 'एक बाटली चालते' हे गोव्यातले दुकानदार सांगतात. त्यांचा माल गेला, त्यांचं काम झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री शंभूराज देसाई यांनी एका बाटलीवरही कारवाई होईल आणि वारंवार सापडणाऱ्यांवर मकोका लावू, असं जाहीर सांगितलं होतं.

प्रत्यक्षात काय होतं? सुट्टीवरून परतणाऱ्या कुटुंबाच्या गाडीत एक बाटली सापडली तर बहुतेक वेळा बाटली जाते आणि बोलणी बसतात. पण मी कायदा सांगतोय, नशीब नाही. आणि खटला झाला तर खरी धास्ती बाटलीची नसते, ज्या गाडीतून ती आणली ती गाडी जप्त होण्याची असते.

फेणीलाही हेच लागू. ती पारंपरिक आहे, तिला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे, ते सगळं खरं. पण नाक्यावर ती दारूच.

७. बांदा-इन्सुलीला दर आठवड्याला ट्रक पकडल्याची बातमी असते. मग थांबत का नाही?

पकडलेला ट्रक हा त्या धंद्याचा खर्च आहे, जसा डिझेलचा असतो. खोक्यामागे सुटणारा फरक मोठा असला की काही गाड्यांमधली एखादी गेली तरी गणित बसतं. चालक पगारी, बहुतेकदा त्याला मालकाचं खरं नावही ठाऊक नसतं. गाडी दोनदा विकलेली, कागद तिसऱ्याच्या नावावर. बातमीत 'मुद्देमालासह' जो सापडतो तो हाच चालक.

लपवायच्या तऱ्हा बघण्यासारख्या असतात. ट्रकच्या हौद्याला मागे पत्र्याची दुसरी भिंत घालून केलेला चोरकप्पा, वरून रंग तोच, पण बोटाने वाजवलं की आवाज वेगळा येतो. मासळीच्या बर्फाखाली खोकी, भुश्श्याच्या पोत्यांमागे खोकी. इन्सुली टाळायची तर आंबोली किंवा दोडामार्गकडून, नाहीतर कर्नाटकातून वळसा.

जून २०२५ च्या निर्णयात राज्य उत्पादन शुल्क विभागाला १,२२३ नवी पदं मंजूर झाली आणि एआयवर चालणारा नियंत्रण कक्षही. माणसं वाढली की पकडण्याचं प्रमाण वाढेल यात शंका नाही. पण त्याच दिवशी दोन राज्यांतल्या किमतीची दरीही रुंदावली, म्हणजे ट्रकवाल्याचा नफाही वाढला. एका हाताने कुंपण घालायचं आणि दुसऱ्याने आतलं गवत हिरवं करायचं, असं हे चाललंय.

एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. दक्षिणेला महाराष्ट्र गोव्याचा माल रोखतो, पण उत्तरेला, नवापूर-तलासरीच्या बाजूला, १९६० पासून दारूबंदी असलेल्या गुजरातकडे माल जातो तो आपल्याकडूनही. तिथल्या वर्तमानपत्रांत आपण गोवा असतो.

८. २०२१ मध्ये स्कॉचवरचा कर निम्मा केला होता. श्रीमंतांचं भलं करायला ना?

राग समजू शकतो, पण निर्णयाचं गणित बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं राज्याचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्के केलं. तोवर या मालातून राज्याला वर्षाला सुमारे १०० कोटी मिळत होते. दर निम्मा करूनही विक्री १ लाख बाटल्यांवरून अडीच लाखांवर जाईल आणि उत्पन्न २५० कोटी होईल, असा अंदाज सरकारने तेव्हा मांडला. म्हणजे बाकीचे पिणारे आधी काय पीत होते? दिल्ली-गोव्याकडून आलेली स्कॉच, विमानतळावरची स्कॉच, आणि बऱ्याचदा स्कॉचच्या बाटलीतली साधी व्हिस्की.

कर कमी केल्याने उत्पन्न वाढण्याची शक्यता याच थरात असते, कारण इथल्या गिऱ्हाइकाकडे दुसरे मार्ग असतात. देशीच्या बाबतीत हे सूत्र लावू नका.

रिकामी बाटली भंगारात देताना लेबल फाडा, झाकण वेगळं टाका. डुप्लिकेटवाल्याला सगळ्यात दुर्मीळ वस्तू तीच लागते.

९. मालवणीसारखी विषारी दारूकांडं कर जास्त असल्यामुळे होतात का?

अर्धं खरं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली. २००४ च्या डिसेंबरात विक्रोळीत ऐंशीच्या वर गेली होती. दोन्हीकडे मारणारा पदार्थ मिथेनॉल, म्हणजे कारखान्यांत वापरलं जाणारं विषारी अल्कोहोल.

हातभट्टी म्हणजे काळा गूळ, नवसागर, पाणी आणि आंबवलेलं रसायन. ती वाईटच, पोटाची आणि यकृताची वाट लावते. पण एका रात्रीत शंभर माणसं मरतात ती बहुतेक वेळा गुळाच्या दारूने नव्हे. भट्टी लावायचा त्रास वाचवायला कुणीतरी कारखान्यातलं मिथेनॉल आणून पाण्यात मिसळतं तेव्हा मरतात. आता कराकडे या. मिथेनॉल रंग-रसायनांसाठी, द्रावक म्हणून विकलं जातं, त्यावर दारूचा कर नाही. दिसायला आणि वासाला जवळपास सारखे दोन द्रव. एकावर खर्चाच्या कित्येक पट कर, दुसऱ्यावर साधा. सगळ्यात जीवघेणी फट हीच, आणि ती दोन राज्यांच्या सीमेवर नाही, एकाच गोदामात असते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला, की औद्योगिक अल्कोहोलवर नियम करायचा अधिकारही राज्यांना आहे. कारखान्याऐवजी पिण्याकडे वळणाऱ्या मालावर आता राज्य हात टाकू शकतं. टाकेल का, ते वेगळं.

१०. मग देशी स्वस्त केली की हातभट्टी बंद होईल?

कमी होईल, बंद नाही. हातभट्टीवाला फक्त स्वस्ताई विकत नाही. देशीच्या दुकानात किमान सीलबंद बाटली घ्यावी लागते, रोख मोजावी लागते आणि दुकान बाजारपेठेत असतं. हातभट्टी ग्लासावर मिळते, उधारीवर मिळते, वाडीच्या कडेला मिळते. वीटभट्टीवरचा मजूर संध्याकाळी सात किलोमीटर चालत दुकानात जाणार नाही. त्याच्यासाठी ते सात किलोमीटरही करच आहे.

महाराष्ट्रात वाईन शॉपचे नवे परवाने १९७४ च्या सुमारापासून जवळजवळ बंदच आहेत. म्हणून ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांच्या नातवंडांचं भलं झालं, आणि ज्या तालुक्यात दुकान नाही तिथे टपरीवर 'ब्लॅकने' चपटी मिळते, छापील किमतीच्या वर वीस-तीस रुपये घेऊन. हाही काळाबाजारच, फक्त त्यात कर भरलेला असतो. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा ड्राय डेला तोच धंदा शहरात येतो.

तेव्हा दुकानं वाढवा असं मी म्हणतोय का? नाही. ८० रुपयांच्या किमान किमतीने हातभट्टीला किती जागा करून दिली हे मोजताना अंतरही मोजा, एवढंच.

११. चंद्रपूरला दारूबंदी उठवली ती काळ्याबाजारामुळेच ना?

सरकारने दिलेलं मुख्य कारण तेच. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी होती. त्यामागे महिलांचं मोठं आंदोलन होतं, 'श्रमिक एल्गार'च्या पारोमिता गोस्वामींनी लोकांना पायी नागपूरपर्यंत नेलं होतं. नंतर बंदीचा आढावा घेणाऱ्या रमानाथ झा समितीचा अहवाल आला आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली.

मधल्या सहा वर्षांत काय झालं? नागपूर, यवतमाळ, तेलंगणाकडून माल यायचा, खेपा बायका-पोरांकडून करून घ्यायचे. २०१८ मध्ये नागभीडजवळ तस्करांच्या गाडीने पाठलाग करणाऱ्या पोलीस उपनिरीक्षकाला चिरडून मारलं. करवाल्याच्या नजरेने बघितलं तर बंदी म्हणजे ज्याला वरची मर्यादा नाही असा कर, ज्यातला एक पैसाही तिजोरीत येत नाही.

पण हे एकतर्फी सांगणं बरोबर नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, वर्ध्यात १९७४ पासून. डॉ. अभय बंग सांगतात की बंदीने पिणं शून्य झालं नाही तरी घटतं, आणि बंदी नीट राबवायची तर गावोगाव माणसं लागतात. त्यासाठी गडचिरोलीत 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम २०१६ पासून चालतो. चंद्रपूरने बंदी केली, पण 'मुक्तिपथ' केलं नाही. माझं मत विचाराल तर अपयश बंदीचं किती आणि राबवणाऱ्यांचं किती हे चंद्रपूरवरून सांगता येत नाही, आणि जे ठामपणे सांगतात त्यांच्या हातात सहसा परवाना किंवा झेंडा असतो.

१२. आमच्या गावात 'आडवी बाटली' करून दुकान बंद केलं. आता घराघरांत दारू मिळते. चुकलं का आमचं?

नियम असा: पुरेशा महिलांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं, चिन्हं उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली की दुकान बंद. आलेल्यांपैकी निम्मी नव्हे, यादीतल्या निम्मी. ज्या गावाने हे जमवलं त्या गावाचं काही चुकलेलं नाही.

पण मतदान दुकानाविरुद्ध असतं, मागणीविरुद्ध नसतं. दुकान गेलं की अंतर वाढतं आणि प्रश्न १० मधली टपरी गावात येते. फरक एक आहे, आणि तो मोठा आहे: टपरी बेकायदेशीर असल्याने ग्रामसभा तिच्यावर तक्रार करू शकते, दुकानावर करू शकत नव्हती. तक्रार पोलिसांकडे आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, दोन्हीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. पोच नसलेली तक्रार झालेलीच नसते.

१३. कर वाढवल्याने माणसं प्यायची कमी होतात का?

होतात, पण सगळी नाही आणि सगळी बरोबर दिशेने नाही. किंमत वाढली की नवखा आणि कधीतरी घेणारा मागे हटतो. रोजचा पिणारा एक पायरी खाली उतरतो: विदेशीवरून देशीवर, देशीवरून हातभट्टीवर.

मे २०२० मध्ये दिल्लीने छापील किमतीवर ७० टक्के 'कोरोना शुल्क' लावलं आणि जूनच्या १० तारखेला मागे घेतलं, कारण विक्री घसरली. आंध्र प्रदेशाने त्याच मे महिन्यात दर भरमसाट वाढवले. शेजारच्या राज्यांतून माल येऊ लागला, प्रकाशम जिल्ह्यात सॅनिटायझर पिऊन माणसं मेली, आणि सप्टेंबरात सरकारला काही दर खाली आणावे लागले. आपल्याकडेही एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळच्या वणीत सॅनिटायझर पिऊन मृत्यू झाले. तिथे कारण दर नव्हता, टाळेबंदीतली बंद दुकानं होती.

बिअरचं उदाहरण शांत आहे म्हणून कुणी सांगत नाही. शुल्क वाढवल्यावर बिअरची विक्री घटली, तेव्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याने ते कमी करावं का हे बघायला समिती नेमली. बिअर सोडलेला माणूस ताकाकडे गेला की व्हिस्कीकडे, हे मात्र शुल्काच्या आकड्यांत दिसत नाही.

१४. दुकानात मागतात तो 'परवाना' काय प्रकार आहे? बंदी तर कधीच उठली.

कायद्याने उठलेली नाही. १९४९ चा दारूबंदी अधिनियम आजही लागू आहे. आपण सगळे त्यातल्या सवलतीत पितो. एका दिवसाचा परवाना विदेशीला ५ रुपये, देशीला २ रुपये. वर्षाचा १०० आणि आजीव १,०००. वय बिअर-वाईनला २१, बाकीला २५. परवान्यावर मद्य कशासाठी हवंय हेही छापलेलं असतं: आरोग्य राखण्यासाठी! १९५० मध्ये मुंबईत पूर्ण बंदी आली, मोरारजी देसाईंचा काळ, तेव्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवरच दारू मिळायची. ते वाक्य तिथलं उरलंय. उरलेल्या मुंबईची सोय 'आंटीं'च्या अड्ड्यांनी आणि धारावीच्या भट्ट्यांनी केली, आणि वरदराजन मुदलियारसारख्या डॉनचं साम्राज्य त्याच भट्ट्यांवर उभं राहिलं. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत बंदी सैल होत गेली.

१५. गांजा कायदेशीर करून त्यावर कर लावला तर सरकार मालामाल होईल, असं तरुण पोरं म्हणतात.

जिथे केलंय तिथे बघा. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून मोकळीक दिली. शुल्क ग्रॅमला १ डॉलर किंवा १० टक्के, जे जास्त ते. नंतर मालाचे भाव उतरले, पण तो १ डॉलर तिथेच राहिला, आणि कायदेशीर शेतकरी करात दबले. कॅलिफोर्नियात दुकानं जानेवारी २०१८ पासून. तिथे १५ टक्के उत्पादन शुल्क, वर लागवडीवर वेगळा कर; काळाबाजार हटेना म्हणून जुलै २०२२ मध्ये लागवडीचा कर काढला. जुलै २०२५ ला शुल्क १९ टक्के केलं आणि तीन महिन्यांत, १ ऑक्टोबरला, परत १५ वर आणलं. शिवाय तिथल्या कितीतरी शहरांनी दुकानांना जागाच दिली नाही. म्हणजे परत प्रश्न १० मधले सात किलोमीटर.

आपल्याकडे गांजावर सरकार कर घेत होतंच. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर साक्षी घेऊन सांगितलं, की पूर्ण बंदी नको, परवाने आणि कर यांनी आवर घाला. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने ते दार बंद केलं. भांगेची नुसती पानं त्या कायद्यातल्या व्याख्येबाहेर राहिली, पण महाराष्ट्रात भांगेलाही परवाना लागतो. होळीच्या आधी हा प्रश्न हमखास येतो.

१६. ही दरवाढ 'लाडकी बहीण'साठी झाली का?

सरकारने महसूलवाढ असं कारण दिलं. पैसा एकाच तिजोरीत जातो, त्यावर कुठल्या बाटलीचा कुठल्या योजनेला असं लिहिलेलं नसतं.

१७. विमानतळावरची ड्युटी फ्री आणि मिलिटरी कॅन्टीनची बाटली, ही दोन नंबरची का?

परदेशातून येताना प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येतं. पावती जपून ठेवा आणि स्वतःच वापरा. मित्राला विकलीत की ती विनापरवाना विक्री झाली.

कॅन्टीनच्या बाटलीवर ती संरक्षण दलांसाठीच असल्याचा छाप असतो. सवलत फौजीला दिलेली आहे, बाटलीला नाही. निवृत्त शेजाऱ्याने प्रेमाने एक पेग दिला तर कुणी विचारत नाही. पण महिन्याचा कोटा नेमाने हॉटेलात पोचत असेल, तर तो प्रश्न ४ मधला पहिला काळाबाजारच, फक्त सीमा दोन राज्यांमधली नसून कॅम्पाच्या फाटकाची.

१८. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मोहाची काढतात. घरच्या वापराला चालते का?

फुलं आणि दारू हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मोहाची फुलं गोळा करण्यावरची आणि साठवण्यावरची बंधनं राज्याने २०२१ मध्ये सैल केली, त्यामुळे लाडू, सरबत, गुरांचं खाद्य यांसाठी ती बाळगता येतात. भट्टी लावून दारू काढायला मात्र परवाना लागतो, घरच्यासाठी असली तरी. कुजका गूळही याच कायद्याच्या कक्षेत येतो, हे गुऱ्हाळवाल्यांनाही बऱ्याचदा माहीत नसतं.

दोडामार्गच्या एका वाचकाने याच धर्तीवर काजूच्या बोंडांचं विचारलं होतं: हंगामात बोंडं गोव्यातल्या भट्टीवाल्याला विकतो, ते चालतं का? चालतं. बोंड हे फळ आहे, जाताना त्याला कुणी अडवत नाही. तेच फळ बाटलीत बसून परत आलं की प्रश्न ६.